चिकटबाईंनी नोटीस कुठे लावली

आत्याला ऑफिसात चिकटबाई म्हणायचे. तोंडावर नाही, मागून. पण मागून म्हणजे किती मागून, तर ती दाराबाहेर पाऊल टाकते न टाकते तोवर. तिला ऐकू यायचंच. मग ती वळून परत दारात यायची आणि गोड आवाजात विचारायची, "काय रे, हाक मारलीस?" की सगळे आपले फायलीत डोकी घालायचे.

महिना झाला आत्या जाऊन. भेटायला येतो तो माणूस पाच मिनिटं गप्प बसतो आणि मग हसायला लागतो. हसला की ओशाळतो. ओशाळायचं काही कारण नाही, तिची आठवण काढायची म्हणजे हसावंच लागतं, आणि ही नोटिशीची गोष्ट तर प्रत्येकजण वेगळीच सांगतो. म्हणून जशी झाली तशी.

तर पालिकेच्या ऑफिसात नोटिसा चिकटवायचं काम आत्याकडे होतं. तिचा नवरा तिथंच शिपाई होता, तो गेला तेव्हा त्याच्या जागेवर हिला घेतलं. शाळा चौथीपर्यंत. तेव्हाच्या साहेबांनी विचारलं, बाई तुम्हाला काय येतं? ती म्हणाली, खळ करता येते. नवऱ्याला खळ घरून तीच शिजवून द्यायची, मैद्याची, वरून चिमूटभर तुरटी, म्हणजे आंबत नाही आणि झुरळं कागद खात नाहीत. साहेब म्हणाले, पुरे आहे. आणि त्या दिवसापासून एकवीस वर्षं पालिकेचा एकेक नियम आत्याने स्वतःच्या हातांनी लावला.

आता नियम कसा होतो ते आधी सांगायला पाहिजे. नवा नियम करायचा ठरला की त्याचा कच्चा कागद निघतो, त्याला मसुदा म्हणतात. तो तीस दिवस लोकांसमोर लावायचा. ज्याला पटत नाही त्याने त्या तीस दिवसांत लिहून हरकत द्यायची. हरकत आली तर माणसाला बोलावून ऐकून घ्यायचं, नाही आली तर नियम पक्का. ऐकायला किती छान वाटतं.

पण तो कागद लावायचे कुठे, तर जुन्या कागदपत्रांच्या खोलीबाहेर जो बोर्ड आहे त्याच्यावर. ती खोली बोळाच्या टोकाला. बोळाला लोखंडी दार. दारात वॉचमन स्टूल टाकून बसलेला. बाहेरचं कोणी आलं की तो विचारायचा, "आत कुठं?"

"नोटीस वाचायला."

"पास आहे?"

"पास कुठं मिळतो?"

"आत."

झालं. माणूस घरी. तीस दिवस संपले की आवक खिडकीतला कारकून रजिस्टर उघडायचा आणि हरकतींच्या रकान्यात 'निरंक' लिहायचा. निरंक म्हणजे एकही नाही. पुढे पुढे त्याला तेवढं लिहायचाही कंटाळा आला. त्याने निरंकचा शिक्काच करून घेतला.

म्हणजे वाचणारं कोणीच नव्हतं का? होतं. एक माणूस होतं. खळ लावलेला कागद भिंतीला धरायला चार-पाच मिनिटं लागतात, तोवर दोन्ही तळवे दाबून उभं राहावं लागतं, नाहीतर कोपरे उठतात. तेवढ्या वेळात बाई दुसरं करणार काय? वाचणार. आत्याला बोट लावून वाचायची सवय होती, पण बोटं तर कागद दाबण्यात अडकलेली. मग ती नाकाने वाचायची. नाक ओळीच्या सुरुवातीला टेकवायचं आणि सरकवत सरकवत ओळीच्या शेवटापर्यंत न्यायचं. असं एकवीस वर्षं. वकिलांना नसतील माहीत तेवढे नियम आत्याच्या नाकाखालून गेले होते.

आणि जुना कागद कधी काढायचा नाही. काढायला वेगळा लेखी हुकूम लागायचा आणि तो हुकूम कोणी कधी काढला नाही. म्हणून नव्यावर नवा, नव्यावर नवा. बोर्ड फुगत फुगत गादीसारखा झाला. त्याला काच होती, ती बसेना, तीही एक दिवस काढून खोलीत ठेवली.

आत्या हे सगळं घरी सांगायची का? नाही. ऑफिसाने एक मेमो काढला होता, कार्यालयीन बाबींबद्दल बाहेर कोणाशीही बोलू नये. सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या. एक कारकून मेव्हण्याशी काहीतरी बोलला तर त्याला सरळ घरी बसवला. आत्या घाबरली. एरवी तिच्या तोंडाला दार नव्हतं, शेजारच्या घरात भांडण झालं तर त्यांच्या आधी हिला कळायचं, पण ऑफिसचा विषय निघाला की एकदम मूग गिळून गप्प.

एकदा शेजारणीचा नळ तोडला पालिकेने. का तर नव्या नियमाप्रमाणे तिने अर्ज परत भरला नव्हता. शेजारीण रडतेय, हे कधी ठरलं, आम्हाला कोणी सांगितलं. आत्याच्या तोंडातून निसटलं, "मागच्या वर्षी. मीच लावलाय की कागद." झालं ना, शेजारीण तीन महिने बोलली नाही. आणि घरात वहिनी. वहिनी म्हणजे आमची आई. तिला तर आयतंच मिळालं.

"तुम्ही बरं वन्सं सगळं वाचून पोटात ठेवता," वहिनी म्हणाली. "तुमच्या पोटात पालिकाच आहे म्हणायची. नळ काय, गटार काय, सगळं आतच."

"माझी नोकरी गेली तर तू पोसशील?"

"पोसतेच आहे."

असल्या दोघी. एका ताटातलं खायच्या आणि एकमेकींचे केस ओढायच्या, म्हणजे तोंडाने. पण वहिनीचं म्हणणं अगदी खोटं नव्हतं. बाबांची पाठ गेल्यापासून ते घरातच होते. आत्याची नोकरी आणि वहिनीचं शिवणयंत्र, या दोन्हींवर घर उभं होतं. वहिनी जुन्या बाजाराच्या इमारतीत व्हरांड्यावर यंत्र घेऊन बसायची. चौदा वर्षं तीच जागा. पँटची शिलाई उसवली, चेन बिघडली, पिशवीचा बंद तुटला की माणूस येणार, उभ्याउभ्या करून घेणार आणि जाणार. हे काम घरी होत नाही, आमचं घर गल्लीच्या आत गल्ली, तिथं उसवलेली पँट घेऊन कोण येतं शोधत? तिच्या शेजारी किल्लीवाला, त्याच्या पलीकडे घड्याळवाला, आणि टोकाला अर्ज लिहून देणारे आजोबा. ओळीने सगळे भिंतीला पाठ लावून.

एका सोमवारी आत्या नेहमीसारखी बोळात गेली, खळ फासली, कागद लावला, तळवे दाबले, नाक टेकवलं. आणि नाक दुसऱ्या ओळीवर थांबलं.

सार्वजनिक इमारतींचे ओटे, पायऱ्या व व्हरांडे यांवरील सर्व प्रकारची बैठी वहिवाट या विनियमांच्या अंमलाच्या दिनांकापासून संपुष्टात आली असे समजण्यात येईल.

दुसऱ्या कोणाला हे वाक्य कळायला दिवस लागला असता. आत्याला एकवीस वर्षांची सवय. तिला लगेच कळलं की तीस दिवसांनी वहिनीचं यंत्र उचलणार. खळ सुकली, कागद बसला, तरी ती तळवे दाबून उभीच. वॉचमन लांबून ओरडला, "बाई, चिकटलात का काय भिंतीला?"

त्या दिवशी घरी आत्या जेवली नाही. वहिनीने विचारलं काय झालं, तर म्हणाली डोकं दुखतंय. वहिनीने डोकं चेपून दिलं. त्याने आत्याला अजूनच वाईट वाटलं. सांगावं तर नोकरी जाते, पेन्शनला दीड वर्ष राहिलेलं. न सांगावं तर यंत्र जातं. पडल्या पडल्या तिने डोक्यात सगळे जुने कागद चाळले, आणि त्यात तिला एक आठवला. नोटिसा कशा लावायच्या याचाच एक नियम होता, तोही तिनेच कधीतरी लावला होता. त्यात लिहिलं होतं की नोटीस लोकांच्या सहज नजरेस पडेल अशा ठिकाणी लावावी.

बोलायला बंदी होती. लावायला कुठे होती?

प्रत्येक नोटिशीच्या तीस प्रती निघायच्या, कारण तीस काढायच्या असं कुठेतरी होतं. एक लागायची, एकोणतीस कपाटात. तिथून त्या घरी यायच्या आणि आम्ही पोरं त्यांच्या मागच्या बाजूला गणितं करायचो. या वेळी एकही घरी आली नाही. आत्याने दुप्पट खळ शिजवली आणि पहाटे निघाली.

आता लोकांची नजर सहज कुठे पडते याचा विचार आत्याने केला तो कुठल्या साहेबाने केला नसता. रस्त्यावर माणूस घाईत असतो, भिंतीकडे बघत नाही. माणूस वाचतो कधी, तर त्याला उठून जाता येत नाही आणि दुसरं काही करता येत नाही तेव्हा. म्हणून ती पहिल्यांदा गेली सार्वजनिक संडासात. दारांना आतून, बसल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल अशा उंचीवर, एकेक. बायकांकडची सहा, पुरुषांकडची सहा. मग पिठाच्या गिरणीत, जिथं डबा ठेवून लोक वाट बघतात तिथं. मग दवाखान्यात बाकासमोर. मग गेली न्हाव्याकडे.

न्हावी दुकान उघडत होता. "या बाई. कुठं लावताय, आरशावर नको हं, गिऱ्हाईक बोंबलतं."

"आरशावर नाही. छताला."

"छताला? का, पालींना वाचायला?"

"तुझं गिऱ्हाईक दाढीला बसलं, तू त्याची हनुवटी वर केलीस, की ते कुठं बघतं?"

न्हाव्याने स्वतःच मान वर करून बघितलं. मग स्टूल आणून दिलं आणि ते धरून उभा राहिला.

दुपारी आत्या व्हरांड्यावर आली. वहिनी यंत्रावर.

"वहिनी, तुला जाऊन यायचंय का?"

"कुठं?"

"संडासला."

वहिनीने पाय थांबवला. "नाही बाई."

"जाऊन ये."

"अहो नाही आली तर काय करू जाऊन?"

"तरी जा. बसून ये नुसती. घाई करू नकोस."

किल्लीवाला किल्ली घासता घासता थांबला. त्याला वाटलं बाईंच्या डोक्यावर परिणाम झाला. पण वहिनी आत्याचं तोंड ओळखायची. ती उठली, गेली. बऱ्याच वेळाने आली.

"वाचलं. दोनदा वाचलं. काही कळलं नाही. बैठी वहिवाट म्हणजे काय हो वन्सं?"

"मी बोलू शकत नाही. मेमो आहे."

"मान तर हलवू शकता?"

आत्याने विचार केला. मेमोत मानेबद्दल काही नव्हतं. तिने मान हलवली.

"बैठी म्हणजे बसणारे?"

मान वरखाली.

"म्हणजे आम्ही?"

मान वरखाली.

"आम्हाला इथून उठवणार?"

आत्याची मान वरखाली झाली आणि खालीच राहिली. वहिनीने यंत्रावरचा कपडा उगीच सरळ केला. तोवर किल्लीवाला आला, घड्याळवाला डोळ्यातली काच न काढताच आला, अर्जवाले आजोबा काठी टेकत आले. सगळ्यांचे प्रश्न एकदम.

"कधी उठवणार?"

"कधीला मान कशी हलवू?" आत्या चिडली.

"थांबा थांबा," आजोबा म्हणाले, "हो-नाहीचे प्रश्न विचारा. या महिन्यात?" मान आडवी. "पुढच्या?" मान उभी. "काही करता येईल का आपल्याला?" मान इतक्या जोरात उभी हलली की आत्याचा चष्मा खाली पडला.

असं तासभर चाललं. आजोबांनी नुसते प्रश्न विचारून विचारून सगळा नियम बाहेर काढला, हरकत लेखी द्यायची, तीन प्रतींत, आवक खिडकीत, तीस दिवसांच्या आत. आत्याची मान दुसऱ्या दिवशी आखडली. पण मेमो मोडला नाही.

आणि गावात काय चाललं होतं तर दाढी करून आलेला माणूस विचारतोय, बैठी वहिवाट म्हणजे काय? गिरणीत तेच. दवाखान्यात तेच. ज्याला कळत नव्हतं त्याला कोणीतरी सांगायचं, व्हरांड्यावर जा, तिथं एक बाई मान हलवते. आजोबा दिवसभर हरकती लिहीत होते. व्हरांड्यावरच्यांच्या तर होत्याच, पण गिऱ्हाइकांच्याही आल्या. एका मास्तरांनी लिहिलं की माझ्या तीनही पँटी या व्हरांड्याच्या आधारावर उभ्या आहेत.

पहिली हरकत घेऊन वहिनीच गेली. आवक खिडकीतला कारकून कागदाकडे बघतच राहिला.

"हे काय?"

"हरकत."

"कशाला?"

"नियमाला."

"नाही, पण कशाला? म्हणजे... असं कोणी देत नाही हो." त्याने रजिस्टर काढलं, रकाना बघितला, हातातला निरंकचा शिक्का बघितला. "याचं मी काय करू?"

"तो बाजूला ठेवा आणि पेन काढा," वहिनी म्हणाली.

तीस दिवसांत चौऱ्याहत्तर हरकती झाल्या. कारकून आजारी पडला, म्हणजे त्याने तसं कळवलं.

मग साहेबांनी आत्याला बोलावलं. टेबलावर आत्याने भरून दिलेला फॉर्म होता. प्रत्येक नोटीस लावली की तो भरून द्यावा लागायचा, काय लावलं, कुठे लावलं, किती वाजता. एकवीस वर्षं आत्या तिथं 'बोर्डावर' एवढंच लिहायची. या वेळी जागा पुरली नव्हती म्हणून तिने मागे पण लिहिलं होतं. खोटं लिहायचं नाही हा तिचा नेम. साहेब मोठ्याने वाचू लागले.

"सार्वजनिक शौचालय, दारे, आतून, बारा. न्हाव्याचे दुकान, छत." साहेबांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही पुरुषांच्या शौचालयात गेलात?"

"पहाटे गेले साहेब. आधी खोकले. कोणी खोकलं नाही, मग गेले."

"नोटीस बोर्डावर लावायची असते!"

"बोर्डावर पण लावलीय. पहिली तीच आहे, फॉर्मवर वरती."

"पण बाकीच्या! बोर्ड सोडून दुसरीकडे लावायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नियमाने सांगितलं."

"कुठल्या नियमाने?"

साहेबांनी खरंतर रागाने विचारलं होतं, पण आत्याने प्रश्नाला प्रश्नासारखं घेतलं. म्हणाली, "दाखवते ना. बोर्डातच आहे. थोडा खाली आहे."

साहेबांनी मेमो लिहायला घेतलाच होता, कारणे दाखवा म्हणून. पण मेमोत लिहायला तरी नियम कुठला मोडला हे पाहिजे, आणि तो कपाटात सापडेना. दोन कपाटं उलटी केली, नाही सापडला. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब, कारकून, वॉचमन आणि आत्या बोर्डासमोर. आत्याने घरून उलथणं आणलं होतं आणि बादलीभर गरम पाणी. साहेबांनी जुने कागद काढायचा लेखी हुकूम दिला, पहिल्यांदाच. तेव्हा कुठे काम सुरू झालं.

फडकं भिजवायचं, कागदावर धरायचं, उलथणं घालायचं, सोलायचं. एक सोलला की खाली दुसरा. सायकली कुठं लावायच्या. बाकावर कोणी झोपायचं नाही. नळाचा तो अर्ज. कारकून एकेक वाचायचा आणि म्हणायचा, "अरे, हे पण आहे का आपल्याकडे?" आत्या म्हणायची, "आहे ना. अजून खाली." जसं जसं खाली जावं तसा कागद पिवळा आणि खळीचा वास जुना. साठ-सत्तर थर झाले आणि आत्या म्हणाली, "हळू. हाच."

अठरा वर्षांपूर्वीचा होता. साहेबांनी स्वतः वाचला. कलम एक, नोटीस लोकांच्या सहज नजरेस पडेल अशा ठिकाणी लावावी. आत्याने नुसतं साहेबांकडे बघितलं. कलम दोन, नोटीस वाचावयास येणाऱ्या कोणाही व्यक्तीस अडवू नये वा तिच्याकडे पास मागू नये.

वॉचमन म्हणाला, "परत वाचा."

परत वाचलं.

"म्हणजे मी अठरा वर्षं..."

"हो," आत्या म्हणाली. "मला वाटलं तुला माहितेय."

"मला कुठून माहीत असणार? मी दारात बसतो, आत कुठं येतो!"

कागदाखाली सही होती. साहेबांनी ती बघितली, जवळून बघितली, आणि घाम पुसला. ती त्यांचीच होती. तेव्हा ते हाताखालचे अधिकारी होते, समोर आलं त्यावर सही करायचे.

पण गंमत पुढेच आहे. कलम तीन. ते अगदी डाव्या खालच्या कोपऱ्यात होतं. कारकुनाने वाचलं, नोटीस लावणाऱ्या कर्मचाऱ्याने विचारणाऱ्या व्यक्तीस तिचा अर्थ सोप्या भाषेत समजावून सांगावा, व इतर कोणताही आदेश याच्या आड येणार नाही.

आत्या म्हणाली, "हे नव्हतं."

"आहे की बाई, हे काय."

"मी वाचलाय हा कागद. हे नव्हतं."

मग तिने डावा हात उचलला आणि कागदावर ठेवला, लावताना ठेवायची तसा. कलम तीन बरोबर तळव्याखाली झाकलं गेलं. तिने हात काढला, परत ठेवला. मग तळवा उलटा करून बघितला. अठरा वर्षं ती सांगू शकत होती. सांगायचंच होतं तिने. शेजारणीचा नळ, आणि अजून कोणाकोणाचं काय काय. त्या दिवशी घरी येऊन तिने वहिनीला हेच सांगितलं आणि रडली. वहिनीने उठून शेजारणीला बोलावून आणलं आणि तिघींनी चहा घेतला.

पण बोर्डासमोर रडायची आत्या नव्हती. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "साहेब, मग आता मला बोलावं लागणार."

"किती?" साहेब दचकले.

"अठरा वर्षांचं राहिलंय."

साहेब हळूच म्हणाले, "बाई, नोटीस चुकीच्या ठिकाणी लावली असं आपण म्हटलं तर?"

"म्हणा की. मग परत लावावी लागेल, परत तीस दिवस. न्हावी म्हणतोय भिंती पण घ्या."

मेमो साहेबांच्या ड्रॉवरमध्ये गेला तो गेलाच. आणि सुनावणी ठरली.

सुनावणीच्या आधी चार दिवस आत्या बोलली. व्हरांड्यावर, गिरणीत, दवाखान्यात, संडासाच्या रांगेत. कलम तीनप्रमाणे. कोणी विचारलं की सांगायची, कोणी नाही विचारलं तर त्याला विचारायला लावायची. आवाज बसला, मग हळदीचं पाणी पिऊन परत. रात्री स्वयंपाकघरात वहिनीला सांगायची, वहिनी म्हणायची, "पुरे हो वन्सं, मान हलवायचात तेच बरं होतं."

सुनावणी ऑफिसच्या मोठ्या खोलीत. खुर्च्या पुरल्या नाहीत, लोक खिडक्यांत बसले. वॉचमनने लोखंडी दार सताड उघडलं होतं आणि प्रत्येकाला "या, या" म्हणत होता, इतकं की दोघं-तिघं चुकून आलेलेही आत बसले. चौऱ्याहत्तर हरकती, चिठ्ठ्या टाकून नंबर लावलेले, एकेकाला ऐकायचं, नियमच तसा. किल्लीवाला बोलला. घड्याळवाला बोलला. मास्तर पँटींबद्दल फार वेळ बोलले. साहेब आधी टेबलावर बोटं वाजवत होते, मग ऐकायला लागले, विसाव्या-पंचविसाव्याला तर प्रश्न विचारायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट किती उरते? कोणी मोजली होती का? कोणीच मोजली नव्हती. मग कारकुनाला टेप घेऊन पाठवला, तो मोजून आला. वाट भरपूर होती.

चाळिसाव्या हरकतीनंतर साहेबांनी सांगून टाकलं. व्हरांड्यावरचे तिथंच बसतील, फक्त भिंतीपासून दोन हातांच्या आत. नियमात तसा बदल होईल. खोलीत एकदम गलका झाला, आजोबांनी काठी आपटली, किल्लीवाल्याने घड्याळवाल्याला मिठी मारली आणि त्याच्या डोळ्यातली काच पडली.

साहेब उठायला लागले. तर वहिनी उभी.

"माझा नंबर एक्केचाळीस."

"अहो बाई, पण तुमच्या बाजूनेच झालं ना सगळं."

"दोन हात म्हणजे माझं यंत्र भिंतीला चिकटणार. तिथं उजेड येत नाही. सुईत दोरा मी ओवायचा का साहेब तुम्ही?"

साहेब परत बसले. पेन काढलं. वहिनी सांगायला लागली, उजेड सकाळी कुठून येतो, दुपारी कुठून, खांब मध्ये कसा येतो. तिला इतकं बोलता येतं हे आम्हाला घरात माहीत होतं, ऑफिसला नव्हतं.

आत्या मागे भिंतीशी जमिनीवर बसली होती. चार दिवस बोलून बोलून दमलेली, डोकं भिंतीला टेकलेलं, तोंड थोडं उघडं. गाढ झोप लागली होती. कारकून वाकून म्हणाला, "बाईंना उठवू का? त्यांच्या वहिनी बोलतायत."

वहिनीने मागे न बघताच हात हलवला.

"झोपू द्या त्यांना. माझं अजून संपायचंय."